एहसाननं जागा सोडली

चुकलो याची मला लाज वाटत नाही. चुका माझ्या रोजच्या ओळखीच्या आहेत. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका मोजायच्या आणि त्यांच्यावर लाल चिठ्ठी लावायची, याचाच मला पगार मिळतो. अशा माणसाला स्वतःची चूक दिसत नाही म्हणतात, ते खोटं आहे. चांगली दिसते. फक्त तेव्हा लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा सापडत नाही.

लाज ज्याची आहे ते सांगायचं तर आधी एहसान सांगावा लागेल. संत तुकाराम नगरात आमची घरं समोरासमोर. माझे वडील, म्हणजे आप्पा, पिंपरीतल्या कारखान्यात होते आणि एहसानचे वडील, बरकतचाचा, रहाटणीत टू-व्हीलरचं गॅरेज चालवायचे. आता ते गॅरेज एहसान बघतो. नववीत असताना त्याच्या मामाची एक जुनी गिटार आमच्या हाती लागली. एकच गिटार आणि आम्ही दोघं. मी धून वाजवायचो, मग त्याच्याकडे दिली की तो कॉर्ड, म्हणजे धुनीला आधार देणारे एकत्र सूर, वाजवायचा. पुढं दोघांच्या दोन गिटारी झाल्या तरी वाटणी तीच राहिली. मी पुढं, तो मागं. ही वाटणी कुणी ठरवली नाही, पण मला ती फार सोयीची होती, हे आता कबूल करायला हरकत नाही.

जॅझचं वेड आम्हाला अंजली मॅडमनी लावलं. त्यांचा गिटारचा क्लास रहाटणीतच, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत. गिटारच्या केसवर पिठाची भुकटी बसायची आणि घरी आई विचारायची, क्लासला जातोस का दळणाला. मॅडम बोलायला कडक, पण कानाच्या पक्क्या. त्यांची एक सवय होती. कुणी काही चांगलं वाजवलं की लगेच शाबासकी द्यायच्या नाहीत. आधी विचारायच्या, "काय केलंस तिथं, सांग." ज्याला सांगता आलं नाही त्याचं चांगलंही त्या धरायच्या नाहीत. चुकून बरोबर आलेला सूर म्हणजे रस्त्यात सापडलेली वस्तू, ती आपली नव्हे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांनीच आम्हाला बाहेर जायला शिकवलं. बाहेर जाणं म्हणजे असं, की मागचा माणूस ठरलेले कॉर्ड वाजवत असतो आणि पुढचा त्या कॉर्डमध्ये न बसणारे सूर मुद्दाम घेतो. सोप्यात सोपा प्रकार म्हणजे सगळी बोटं एक घर सरकवून अर्धा सूर वर वाजवायचं. ऐकणाऱ्याला वाटतं, मेला चुकला. त्याचा जीव टांगणीला लागतो. आणि तेवढ्यात आपण परत कॉर्डमध्ये येऊन बसतो. सगळी गंमत त्या येण्यात. नुसतं बाहेर जाणं कुणालाही जमतं, आमच्या शेजारच्या प्रितमला तर गिटार हातात न घेताही जमेल.

पण त्यात एक अट असते. तुम्ही बाहेर असताना मागच्यानं जागा सोडायची नाही. तोही तुमच्यामागं आला तर बाहेर असं काही उरतच नाही, नुसता गोंधळ होतो. एहसान मला म्हणायचा, "तू कुठं बी जा भावा, मी हलणार न्हाई." मी कधी जाणार ते मी त्याला सांगायचो नाही, त्यानं कधी विचारलंही नाही. एकदा मी त्याला म्हटलं, मी मुद्दाम गेलोय का चुकलोय ते तुला कसं कळतं? तो गाडीचा प्लग घासत होता. म्हणाला, "मुद्दाम गेलेला चालत जातो. चुकलेला पळतो." एवढंच. एहसान बोलायला लागला की दुसऱ्या वाक्याला संपतो.

आता मुद्द्यावर येतो. मॅडमचा स्वतःचा चार जणांचा ग्रुप आहे. त्यात मागं कॉर्ड वाजवणारा गिटारवाला बंगळुरूला नोकरीला गेला, आणि मॅडम म्हणाल्या, त्याच्या जागी मी आपल्यातलाच एक घेणार आहे, या महिन्याच्या कार्यक्रमात ऐकते आणि ठरवते. क्लासमधल्या प्रत्येकाला माहीत होतं की ती जागा एहसानची आहे. चौदा वर्षं तो माझ्यामागं वाजवत होता. त्याला पहिल्यांदा अशा कुणाच्या मागं बसायला मिळणार होतं, जिच्यामागं बसण्यात काही अर्थ आहे. तो स्वतः काही बोलला नाही, पण त्या आठवड्यात त्यानं गिटारच्या तारा बदलल्या आणि नखांतलं ग्रीस रॉकेल लावून काढलं. ते मी बघितलं होतं.

कार्यक्रम म्हणजे फार मोठं काही नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी, पिंपळे सौदागरला एका कॅफेच्या पहिल्या मजल्यावर मॅडमचे विद्यार्थी वाजवतात. आमच्या कंपनीला सुट्टी गुरुवारची, त्यामुळे त्या रविवारी मी फर्स्ट शिफ्ट करून, नाशिक फाट्याला अर्धा तास उभा राहून घरी आलो, तर आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. ते पहिल्यांदाच येणार होते. आप्पांनी तीस वर्षं गायन पार्टीत बेंजो वाजवला आहे. आपल्याकडचा बटणांचा बेंजो, जयंतीच्या कार्यक्रमातला. माझं वाजवणं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, कारण मी कधी बोलावलं नव्हतं. त्यांना काय कळणार, असं मला वाटायचं. कॅफेत त्यांना चहा काचेच्या किटलीत आणून दिला, त्याकडे ते शेवटपर्यंत संशयानं बघत राहिले.

आम्ही तिघं होतो. मी, एहसान, आणि जाड तारांच्या बेस गिटारवर मिनल. मिनल क्लासमध्ये नवी, हिंजवडीला नोकरी करते. ती कागद समोर ठेवून वाजवायची आणि कागदावरून नजर काढायची नाही. गाणं बत्तीस बारचं होतं. बार म्हणजे चार ठोके. आठ-आठ बारचे चार भाग. पहिला भाग, मग तोच पुन्हा, मग एक वेगळा भाग, ज्याला ब्रिज म्हणतात, आणि शेवटी परत पहिल्यासारखा. संपलं की नवी फेरी. यात एक खड्डा आहे. एका फेरीचा शेवटचा भाग आणि पुढच्या फेरीचे पहिले दोन, असे सारखेच तीन भाग ओळीनं येतात. मोजणं सुटलं की माणूस दोनांनंतरच ब्रिजवर जातो, आठ बार आधी. या खड्ड्यात नवशिके पडतात. मीही पडलो.

का पडलो तेही सांगतो. मी मोजत नव्हतो, मी बघत होतो. मॅडम मागच्या टेबलाशी मान डोलावत होत्या, आप्पांचा पाय ठेका धरत होता, आणि मी मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारत होतो. दुसऱ्या फेरीत मी ब्रिज समजून भलत्याच जागी ब्रिजचे सूर घेतले. ते अर्थातच बाहेर वाजले.

पहिले दोन बार एहसान हलला नाही. त्याला वाटलं असेल, गेलाय फिरायला, येईल. तिसऱ्या बारला त्यानं मान वर करून माझ्या बोटांकडे बघितलं. मग त्यानं जागा सोडली. ब्रिजचे कॉर्ड बरोबर माझ्या सुरांखाली आणून ठेवले. मी पळतोय हे त्यानं ओळखलं होतं आणि मला पकडायला तो स्वतःची जागा सोडून आला होता. चांगला साथीदार हेच करतो. मिनलही आमच्याबरोबर आली असती, तर कुणाला काही कळलंही नसतं. पण मिनल कागदाप्रमाणे वाजवत राहिली. ती बरोबर होती. पाचव्या बारला मला तिचा बेस ऐकू आला. मी झटकन पहिल्या भागात परत आलो.

एहसान मात्र ब्रिजवरच राहिला. मला धरायला आला आणि मी त्याला तिथंच सोडून निघून गेलो. दोन बार तो एकटा चुकीच्या कॉर्डवर होता, सगळ्यांना ऐकू जाईल इतका चुकीचा. मग त्यानंही जागा धरली आणि खऱ्या ब्रिजला आम्ही तिघं एकत्र पोचलो. गाणं संपलं. टाळ्या पडल्या. मागून कुणीतरी शिट्टीही मारली.

मॅडम उठून आल्या. कॉफीचं मशीन घरघरत होतं, म्हणून जरा मोठ्यानंच त्यांनी विचारलं, "रतन, दुसऱ्या फेरीत काय केलंस तिथं, सांग."

माझं नाव बुद्धरत्न, पण सगळे रतन म्हणतात. त्या क्षणी मला खरं बोलायला एक वाक्य पुरलं असतं. चुकलो मॅडम, ब्रिज आधी घेतला. पण त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं. आप्पा ऐकत होते. मी म्हणालो, "बाहेर गेलो होतो मॅडम. अर्धा सूर वर घेतलं, चार बार, आणि पाचव्याला परत."

"मला वाटलंच. परत छान आलास, एवढा गोंधळ असूनही." मग त्या एहसानकडे वळल्या. "आणि तुझं काय झालं?"

एहसान माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. वाट बघत होता. आणि मी काय केलं? मी त्याच्या वतीनं उत्तर दिलं. म्हणालो, "ब्रिजवर थोडा लवकर गेला बहुतेक."

हे वाक्य खरं होतं. नालायकपणा आहे तो हाच. तो लवकर गेलाच होता. का गेला, एवढंच मी गिळलं. माझी चूक ती कला आणि त्याची चूक ती चूक. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी शाळेत घोकली होती, तिचा अर्थ त्या दिवशी स्वतः करून दाखवला.

"हो मॅडम," एहसान म्हणाला. "चुकलं."

खाली पार्किंगमध्ये तो गाडीला गिटार बांधत होता. एरवी दोन मिनिटांत बांधतो, त्या दिवशी दोरी सोडून परत बांधली, परत सोडली. मी आप्पांना हेल्मेट घालून देत बसलो. "चल भावा, येतो," तो म्हणाला. "हां, ये," मी म्हणालो.

रहाटणीच्या चौकापर्यंत आप्पांना मागं बसवून आलो. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "बरकतचा पोरगा लई गुणी हाय."

"हो ना. आज जरा चुकला पण."

"चुकला?" आप्पांना खरंच कळलं नाही. "चुकला तर तू हुतास. तू भलतीकडं घुसलास आन् त्यो तुझ्यामागं आला. आमी न्हाई का करायचो. गाणारा कडवं विसरून धुरपदावर आला, की बेंजोबी धुरपदावर न्यायचा. लोकास्नी वाटायचं, हे असंच बसवलंय."

सिग्नल सुटला तरी मी थांबूनच होतो, मागच्यांनी हॉर्न दिले.

"आन् खाली उतारलं की," आप्पा माझ्या कानाशी वाकून सांगत होते, त्यांना त्या आठवणीनं मजा येत होती, "गाणारा पैला बेंजोवाल्याला चहा पाजायचा. सगळ्यांदेखत. आज ह्यानं मला तारलं म्हणून सांगायचा. आमच्या पार्टीचा रिवाजच हुता तसा. तू पाजलास का त्याला?"

"तिथला चहा चांगला नव्हता आप्पा," मी म्हणालो. त्यांना ते पटलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यांना काही कळणार नाही म्हणून मी कधी बोलावलं नाही, त्या माणसाला सगळ्या कॅफेत एकट्याला खरं ऐकू आलं होतं. आणि मी चोरी केलीय हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. आपला मुलगा असं करेल हे त्यांना सुचतच नव्हतं.

सोमवारी शिफ्ट सुटल्यावर मी सरळ गॅरेजवर गेलो आणि एहसानला म्हटलं, चल, चहा पिऊ. कोपऱ्यावरच्या टपरीवर उभे राहिलो. मी चहा पाजला, वर क्रीमरोलही घ्यायला लावला. बोललो मात्र सगळं दुसरंच. ट्रॅफिक, त्याच्या बहिणीचं, आरफाचं, लग्न, कंपनीतलं ऑडिट. तो हूं हूं करत होता. कप ठेवून म्हणाला, "अजून काय?"

"काय नाही," मी म्हणालो.

तो परत गेला. रिवाजातला चहा तेवढा मी उचलला होता, सगळ्यांदेखत सांगायचं ते गाळून. भटजी सोडून लग्न लावल्यासारखं. आम्हा बौद्धांत भटजी नसतोच, पण साक्षीला माणसं तरी लागतात.

मंगळवारी मी कंपनीत डेव्हिएशनचा फॉर्म भरत होतो. डेव्हिएशन म्हणजे ड्रॉइंगपेक्षा वेगळा माल मुद्दाम पुढं सोडायची परवानगी. ती माल बनवायच्या आधी घेतात. आधी घेतली तर डेव्हिएशन, नंतर घेतली तर लपवाछपवी, हे मी दर महिन्याला नव्या पोरांना फळ्यावर लिहून शिकवतो. फॉर्मवर सही करणार तेवढ्यात मॅडमचा फोन आला.

"मी एहसानलाच घेणार होते," त्या म्हणाल्या. "पण मागं बसणाराच मोजायला चुकला तर पुढच्यानं कुणाच्या भरवशावर जायचं? आणि का चुकला ते त्याला सांगताही आलं नाही. तुला निदान आपण काय करतो ते माहीत असतं. तू येशील का कॉर्ड वाजवायला?"

आता तरी बोलायचं की नाही. मला वाटलं, बोलतो. मग वाटलं, फोनवर असं बरं दिसत नाही. नीच माणसाला रीतभात कुठल्या वेळेला आठवेल सांगता येत नाही. "येतो मॅडम," मी म्हणालो. आणि त्या फॉर्मवर सही न करताच तो साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

गुरुवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी मी आणि एहसान गॅरेजच्या मागच्या खोलीत वाजवायचो. त्या गुरुवारी मी त्याला ताप आहे असा मेसेज केला आणि संध्याकाळी मॅडमच्या ग्रुपच्या तालमीला गेलो. त्याच्या जागेवर बसायला.

चारच लोक होतो, गिरणीवरची तीच खोली. एहसान क्लासमध्ये भिंतीशी ज्या स्टुलावर बसायचा तेच मला मिळालं. मॅडमनी एक गाणं धरलं. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत मॅडम बाहेर गेल्या. फार सुंदर गेल्या, आज विचार केला की कळतं. पण तेव्हा मला घाम फुटला. चौदा वर्षांत मी मागं कधी बसलोच नव्हतो. त्यांचे सूर माझ्या कॉर्डवर घासत होते आणि मला वाटलं, त्या चुकल्या, आता मी काही केलं नाही तर सगळं पडेल. मी कॉर्ड सोडले आणि त्यांच्यामागं पळालो.

मॅडमनी हात वर केला. सगळे थांबले.

"तू का हललास? मी बाहेर गेले होते. हरवले नव्हते."

"कसं ओळखायचं ते?" मी विचारलं. खरंच विचारलं, मला माहीत नव्हतं.

"ऐकून. एहसानला विचार, त्याला बरोबर..." त्या थांबल्या. "म्हणजे, कळतं असं मला वाटायचं."

त्या स्टुलावर बसून मला समजलं की मागं बसणं काय असतं, आणि दर गुरुवारी, दर कार्यक्रमाला तो माणूस माझ्यासाठी काय करत होता. पुढच्याचं चालणं कोणतं आणि पळणं कोणतं, हे क्षणात ठरवायचं, आणि चुकलं तर दोष आपल्यावर. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे लोक मी पाहिलेत, मी तर घरच उचलून नेलं होतं. लाजेनं माझे कान इतके तापले की गिटार खाली ठेवावी लागली.

"मॅडम, रविवारी मी बाहेर गेलो नव्हतो," मी म्हणालो. "चुकलो होतो. ब्रिज मी आधी घेतला, आठ बार. एहसान मला धरायला आला. मी परत आलो आणि तो तिथं राहिला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं."

ड्रमवाल्यानं काठ्या मांडीवर ठेवल्या. खालून गिरणीचा आवाज येत होता. मला वाटलं, आता मॅडम मला हाकलतील. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं.

"मी तुला विचारलं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुझे शब्द बरोबर होते, म्हणून मी खरं धरलं. तो गप्प बसला, म्हणून त्याला खोटा धरलं. चौदा वर्षं ऐकणाऱ्याला सोडून मी बोलणाऱ्याचं ऐकलं." त्या माझ्यावर चिडल्या नव्हत्या, स्वतःवर चिडल्या होत्या, आणि ते बघणं जास्त कठीण होतं. त्यांनी माझ्यासमोरच एहसानला फोन लावला. त्याला म्हणाल्या, माझं चुकलं, मी नीट ऐकलं नाही, जागा तुझी आहे, येशील का. त्यानं काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. एका वाक्याच्या वर नव्हतं.

मी तिथून गॅरेजवर गेलो. एहसान एका स्कूटरचं चाक काढून बसला होता. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "सांगितलं मी मॅडमना."

"आला फोन." त्यानं नट वाटीत टाकला. "ताप उतरला?"

मी मान खाली घातली. "एहसान, माझं चुकलं राव. मी फार वाईट वागलो तुझ्याशी."

"सांगितलंस ते बरं केलंस," तो म्हणाला. मग चाकाकडेच बघत त्याच्या मानानं पुष्कळच बोलला. "मला वाटलं पार्किंगमध्ये बोलशील. म्हणून मी थांबलो. दोरी बांधत बसलो येड्यासारखा. मग सोमवारी चहाला आलास, तेव्हा वाटलं, आता बोलतोय. फरीदा विचारत होती घरी, रतनभाऊंशी भांडलात का. बायकोला काय सांगू? भांडण तर झालं न्हवतं."

"आता काय करू मी?"

"काय करणार. पाना दे तो, बारा नंबरचा."

मी पाना दिला. चाक बसेपर्यंत उभा राहिलो. जाताना विचारलं, पुढच्या गुरुवारी वाजवायचं का. तो म्हणाला, ये की.

आप्पांनाही मी त्या रात्री सगळं सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी ताट सरकवलं नाही, आवाज चढवला नाही. फक्त म्हणाले, "आमच्या पार्टीत असा कोनी नव्हता." आणि जेवत राहिले.

गुरुवारी मी वेळेच्या आधीच गेलो. बरकतचाचांनी नेहमीसारखं, ये बेटा, म्हटलं. मागच्या खोलीत एहसान गिटार जुळवत होता. मॅडमच्या ग्रुपची एक तालीम त्याची झाली होती, कशी झाली विचारल्यावर "मस्त" म्हणाला आणि खरोखर हसला. माझा जीव जरा भांड्यात पडला. मला वाटलं, झालं, मिटलं. आपल्या माणसांत असं होतं आणि मिटतं.

"कुठलं घ्यायचं?" मी विचारलं.

"तेच घे रविवारचं."

मी तारांवर हात ठेवला. तो मोजायला सुरुवात करणार, तेवढ्यात थांबला. स्वतःच्या तारांवर तळवा दाबून धरला.

"आज बाहेर जाणार आहेस का?"

चौदा वर्षांत त्यानं हे कधी विचारलं नव्हतं. मला आधी प्रश्नच कळला नाही.

"जाणार असशील तर आधी सांगून ठेव," तो म्हणाला. "कुठल्या फेरीला, किती बार. म्हणजे मी हलणार न्हाई." त्याच्या आवाजात राग नव्हता. गाडी कधी न्यायला येणार, असं गिऱ्हाइकाला विचारतो तोच आवाज होता.

"आणि चुकलो तर?"

त्यानं खरंच विचार केला. मला बरं वाटावं म्हणून काही बोलायचं, असं त्याच्यात नाही. "चुकलास तर थांब," तो म्हणाला. "परत पहिल्यापासून घेऊ."

मी सांगितलं, दुसऱ्या फेरीला, चार बार. त्यानं मान हलवली आणि चार ठोके मोजले. दुसऱ्या फेरीला मी चार बार बाहेर गेलो आणि पाचव्याला परत आलो. तो त्याच्या जागेवर होता. कुणाचंच काही चुकलं नाही.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याआधी तो विचारतो, आणि मी सांगतो.